‘ऑफर’च्या फिल्टरात गिऱ्हाईकाचा मेल गेला, काय करू?

प्रश्न: उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. कर्जाच्या मेलांना वैतागून जीमेलमध्ये ‘ऑफर’ शब्दाला थेट डिलीटचा फिल्टर लावला. पुण्याच्या गिऱ्हाईकानं लिहिलेलं, ‘२०० बुशची बेस्ट ऑफर पाठवा’. तेही गेलं!

उत्तर: दादा, ट्रॅश बघा आधी. ३० दिवस मेल तिथं राहतो.

उत्तर: एका शब्दावर डिलीट लावूच नका. नुसतं लेबल लावून इनबॉक्समधून बाजूला काढा, आठवडाभर तपासा. गिऱ्हाईकांच्या डोमेनला (मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग) वेगळा फिल्टर करून ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नका’वर टिक करा. स्पॅमवाले पत्ते बदलत राहतात, नुसतं ब्लॉक करून भागत नाही.

प्रश्नकर्ता: घावला मेल! आत्ताच कोटेशन धाडलं. लई उपकार झाले.