भाच्याला डीजे व्हायचंय, ट्रंकेत बाबांच्या रेकॉर्ड्स आहेत. टर्नटेबल कुठला घेऊ?

पेठकर
मंडळी, जरा अडलंय. साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत बाबांच्या पन्नास-साठ एलपी, पंधरा-वीस ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जड तबकड्या आणि एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर. फिएस्टा मुका झालाय, चालूच होत नाही. भाचा (वय १७, यंदा बारावी) शेजारी बसला होता. त्याने एक एलपी वर ठेवली, सुई टेकवली आणि हातानेच मागेपुढे केली. बंद मशीनच्या सुईतूनही बारीक कुईं-कुईं ऐकू आलं. बाबा आतल्या खोलीतून ओरडले, "कोण आहे रे तिकडे?"

तेव्हापासून "मामा, मला डीजे व्हायचंय" चालू आहे. ताईच्या लेखी डीजे म्हणजे विसर्जन मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, त्यामुळे घरात वातावरण तंग. बजेट सगळं धरून पस्तीस हजार. बाबांना ऐकता येईल आणि भाच्याला हात बसवता येईल असं एकच मशीन मिळेल का?

मंजूताई
ताईंना आधी समजवा की ती भिंत म्हणजे डीजे नव्हे, डीजे हा माणूस असतो. आमच्या गल्लीत तर "डीजे ट्रॉलीवर चढवला" म्हणतात, जणू काही फ्रिजच!

सुईवाला
एकच मशीन दोघांना चालेल, पण ते डायरेक्ट ड्राइव्ह हवं. बेल्टवाल्या मशीनवर, म्हणजे जिथे मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवते, ऐकायला काही अडचण नाही. मात्र तबकडी हाताने मागे खेचली की बेल्ट ताणतो, सरकतो, आणि सोडल्यावर वेग पकडायला वेळ लागतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये थाळी थेट मोटरवरच बसलेली असते, सोडली की लगेच वेगात. टेक्निक्सचं एसएल-१२०० १९७२ मध्ये आलं ते घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी ते आपलंसं केलं. त्याच्याच १९७९ च्या एमके-२ या सुधारित मॉडेलमध्ये वेग आठ टक्के कमी-जास्त करणारी लांब सरकपट्टी आली आणि मग क्लबांमध्ये दुसरं काही दिसेनाच. ते तुमच्या बजेटबाहेर आहे. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-१२०एक्स बघा. मोटरचा जोर टेक्निक्सइतका नाही, पण शिकायला पुरतो. ३३, ४५, ७८ तिन्ही वेग आहेत, फोनो प्री-अँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) आतच आहे.

आता ७८ बद्दल, हे नीट वाचा. वेग जुळला म्हणजे झालं असं नाही. त्या लाखेच्या तबकड्या, त्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी आपटत जाते, खरखर वाढते आणि सुईही जाते. या मशीनच्या व्हीएम-९५ कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते ती डबी) ७८ ची वेगळी सुई मिळते, पुढचा भाग ओढून बदलायचा, मिनिटाचं काम. आणि ७८ स्पिरिटने पुसू नका! लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी एक नाट्यपद असं कायमचं घालवलंय.

ते गोंडस सुटकेसवाले प्लेअर मात्र घेऊ नका. सिरॅमिक कार्ट्रिज, सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास. चांगल्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात.

हडसनकाठ
पेठकर, तुमच्या बाबांच्या जागी थिओडोरची आई ठेवा, म्हणजे गोष्ट पूर्ण होते. :) साल १९७५ च्या सुमाराचं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा खोलीत मोठ्याने रेकॉर्ड लावून बसलेला. आई दारात येऊन ओरडायला लागली. ती काय म्हणते ते ऐकायला त्याने फिरती तबकडी हाताने दाबून धरली, आणि बोलणं ऐकता ऐकता नकळत मागेपुढे करत राहिला. कानातल्या हेडफोनमध्ये तो आवाज घुमला. पुढे सराव करकरून त्याने जे घडवलं ते स्क्रॅच. हाच ग्रँड विझर्ड थिओडोर.

त्याआधीची, म्हणजे हिप-हॉपचीच, सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ ची. मी न्यू जर्सीत राहतो, एका रविवारी मुद्दाम १५२० सेजविक अॅव्हेन्यू बघून आलो. हायवेला चिकटलेली साधी भाड्याच्या घरांची उंच इमारत, आपल्याकडची म्हाडाची म्हणा. तिथल्या एका मुलीला, सिंडी कॅम्पबेलला, शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. तिने तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. निमंत्रणं हाताने लिहिलेली, मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. रेकॉर्ड लावायला थोरला भाऊ क्लाइव्ह, म्हणजे कूल हर्क.

हर्कच्या लक्षात आलं की लोक गाण्यासाठी थांबतात आणि नाचतात मात्र मधल्या त्या तुकड्यावर, जिथे गायक गप्प होतो आणि नुसता ढोल-ताशा, आपलं, ड्रम उरतो. तो तुकडा दहा-पंधरा सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन मशीनवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे. दहा सेकंदांची पाच मिनिटं झाली. त्याने त्याला मेरी-गो-राउंड नाव दिलं.

कोकणी_मेवा
हर्कबद्दल सहमत, पण मूळ अजून खाली आहे. हर्क जन्माने जमैकातल्या किंग्स्टनचा, बाराव्या वर्षी ब्राँक्सला आला. जमैकात पन्नासच्या दशकापासून साउंड सिस्टिम होत्या: ट्रकवर स्पीकर, रस्त्यावर नाच, आणि कॉक्सोन डॉड, ड्यूक रीड या साउंड सिस्टिमवाल्यांत चुरस. अमेरिकेहून आणलेली रेकॉर्ड कुठली हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून लेबल खरवडून टाकायचे! ट्रक, भिंत, दोन मंडळांची चढाओढ... मंजूताई, काही आठवतंय का?

आणि तिथे डीजे म्हणजे माइकवर बोलणारा. रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर.

मंजूताई
म्हणजे आमच्या गल्लीचे पूर्वज जमैकात. सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

अविश्वासराव
सगळं ठीक, पण रेकॉर्डचा आवाज "जास्त चांगला" हे खूळ भाच्याच्या डोक्यात घालू नका. मोजमाप घेतलं तर साधी सीडी पुढे आहे. तबकडीवर खालचे स्वर मुद्दाम दाबून आणि वरचे चढवून कोरावे लागतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला दोन-तीन गाणीच मावतील. फोनो प्री-अँप ते पुन्हा सरळ करतो. त्यात आतल्या कडेला जाता जाता आवाज बारीकसा फाटतोच.

सुईवाला
अविश्वासराव, मोजमापाबद्दल भांडण नाही. तरी अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा रेकॉर्ड्स संख्येने जास्त खपल्या, तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं.

मला विचाराल तर रेकॉर्डवर गाणं दिसतं. एलपी खिडकीपाशी तिरकी धरा. जिथे आवाज भरगच्च आहे तिथला पट्टा वेगळा चमकतो, शांत जागा गुळगुळीत काळी. हर्क सुई उचलून तुकड्यावर अंदाजाने टेकवायचा, कधी चुकायचा. ब्राँक्समधल्याच दुसऱ्या डीजेला, ग्रँडमास्टर फ्लॅशला, ते खटकलं. त्याने मेणखडूने तबकडीवर खूण केली, घड्याळाच्या काट्यासारखी, आणि किती फेरे मागे न्यायचे ते मोजलं. थाळीवरचं रबर तबकडीला धरून ठेवतं म्हणून फेल्ट कापून, खळ लावून इस्त्री करून खाली घातलं. आज ज्याला स्लिपमॅट म्हणतात ते हेच. खडू आणि खळ! भाच्याला हेच आधी शिकू दे. त्याचे दोन्ही हात कामाला लागतील, मोबाइल आपोआप बाजूला पडेल.

नाशिककर_दादा
एक अनुभव, कारण कोणीतरी "अमेरिकेहून जुनं आणतो" म्हणेलच. माझ्या चुलतभावाने तिकडून बेल्टचं जुनं मशीन आणलं. ११० व्होल्ट, म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला. चाललं, पण गाणं रेंगाळायला लागलं. काळी चारचं गाणं पांढरी चारला येऊन बसलं, बाई ऐकावी तर बुवा वाटावेत. एका दुरुस्तीवाल्याने मोटर बदलायचे साडेतीन हजार घेतले, तरी तेच. शेवटी कळलं: ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, तिकडची ६० हर्ट्झ आणि आपली ५० कशी बदलेल? तशी मोटर विजेच्या हर्ट्झवर धावते. ३३ ची तबकडी २८ च्या आत फिरत होती.

कोकणी_मेवा
रेकॉर्डसाठी: मुंबईत चोरबाजाराची मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, बुधवार किंवा रविवार. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ ला बंद झालं, तिकडे उगाच हेलपाटा नको. उजेडात तिरकी धरून बघा, नखाला लागणारा चरा असेल तर परत ठेवा. पावसाळ्यात बुरशीचा वास आला तर इतरांपासून दूर ठेवा. आणि रेकॉर्ड्स उभ्या ठेवायच्या, आडव्या थप्पीत वाकतात.

अवांतर: भाच्याला चरणजित सिंग ऐकवा. मुंबईतल्या या वादकाने १९८२ मध्ये सिंथेसायझरवर रागांची एलपी काढली, डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चाट पडले, कारण पुढे शिकागोत ज्या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याला अॅसिड हाउस म्हणायला लागले, त्याच्याशी ती कमालीची जुळते.

पेठकर
सगळ्यांचे आभार. एलपी-१२०एक्स मागवलंय, ७८ ची सुई पुढच्या महिन्यात. भाच्यासाठी दुसरं मशीन आणि मिक्सर (दोन मशीनचे आवाज जोडणारा, स्वयंपाकघरातला नव्हे) बारावीचा निकाल बघून, असं ताईने बजावलंय. तोवर एकाच तबकडीवर हात बसवेल.

बाबांना खडूची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. उठून ट्रंकेतून ख्यालाची एक एलपी काढली आणि कव्हरची मागची बाजू समोर धरली. कोपऱ्यात पेन्सिलने, त्यांच्याच अक्षरात: "द्रुत – कडेपासून दीड बोट". कोण ऐकत बसणार विलंबित, म्हणाले, सकाळी ऑफिसला जायच्या आधी.

भाच्याने बोट ठेवून मोजून बघितलं. त्याचं दीड बोट थोडं कमी पडतंय.