मदत हवी आहे: रेडिएशननंतर मानेत गाठ उरली आहे, पेट स्कॅन आत्ता करावा की थांबावं?

उपकेंद्र_घाटंजी:
घाटंजी तालुक्यातला रुग्ण. पुरुष, वय 56, खर्रा (सुपारी-तंबाखू) खायची जुनी सवय. जिभेच्या मुळाचा कॅन्सर, डाव्या मानेत 4 सेंमीची गाठ. नागपूरला 70 ग्रे (डोसचं माप) रेडिएशन, 35 फ्रॅक्शन म्हणजे बैठका, सोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन हे केमोचं औषध. शेवटचं फ्रॅक्शन 3 जुलैला. 14 ऑगस्टला यवतमाळात सीटी केला, त्यात 1.6 सेंमीची गाठ 'शिल्लक' लिहून आली. घरचे म्हणतात कापूस वेचणीच्या आधी मानेचं ऑपरेशन उरकून टाका, नाहीतर उद्याच पेट स्कॅन करा. शुगर 180 ते 230, मेटफॉर्मिन चालू, नाकातून राईल्स ट्यूब. काय सांगू त्यांना?

मानेची_शस्त्रक्रिया:
ताई, आत्ता दोन्ही नको. दिवस 3 जुलैपासून मोजा, सुट्टी झाली त्या दिवसापासून नाही. 12 आठवडे 25 सप्टेंबरला भरतात. पेट त्या सुमारास.

कारण असं: रेडिएशनने मेलेली गाठ लगेच विरघळत नाही, काही महिने आकसत राहते. सीटी फक्त आकार दाखवतो, आत जिवंत पेशी आहेत की नुसता व्रण, हे सांगत नाही. पेटमध्ये साखरेसारखं औषध टोचतात आणि ते कोण खातंय ते बघतात. पण भाजलेल्या जागेची सूजही साखर खाते. म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यात केलेला पेट उगाच 'पेटलेला' दिसतो आणि नको ते ऑपरेशन गळ्यात पडतं.

आधार म्हणून ब्रिटनमधली पेट-नेक चाचणी बघा, 2016 साली प्रसिद्ध झाली. रुग्ण 564. निम्म्यांना ठरवून मानेचं ऑपरेशन, निम्म्यांना 12 आठवड्यांनी पेट आणि गरज असेल तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचं प्रमाण पेटच्या गटात 84.9 टक्के, ऑपरेशनच्या गटात 81.5. ऑपरेशनं मात्र 54 विरुद्ध 221.

एक खोच आहे. त्यातले बहुतेक रुग्ण घशाच्या कॅन्सरचे आणि त्यांतही पी-16 पॉझिटिव्ह, म्हणजे बहुधा एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरचे होते. आपल्याकडच्या खर्रा-तंबाखूवाल्यांची गाठ उपचाराला तितकी दाद देत नाही. रुग्णाच्या बायोप्सीवर पी-16 केलं होतं का, हे फाइलमध्ये शोधा. आणि गालाच्या किंवा हिरडीच्या कॅन्सरला हा हिशोब लावू नका, तिथे बहुधा आधी ऑपरेशनच असतं.

उपकेंद्र_घाटंजी:
सर, 25 तारखेच्या पेटमध्ये काही चमकलं तर?

मानेची_शस्त्रक्रिया:
स्वच्छ आला तर निर्धास्तपणे थांबता येतं, त्याच्यावर भरवसा ठेवण्यासारखा असतो. चमकलेल्या पेटवर तेवढा नाही. काळजी लावणारी चमक म्हणजे एकाच ठिकाणी, यकृतापेक्षा ठळक. पसरट, फिकी चमक बहुधा सुजेची.

मानेत ठळक चमक असेल तर 4 आठवड्यांत नेक डिसेक्शन, म्हणजे मानेतल्या गाठी काढायचं ऑपरेशन. अर्धवट चमकेलाही त्या चाचणीत ऑपरेशनच केलं होतं. पी-16 पॉझिटिव्ह असेल तर काही सर्जन थोडे आठवडे थांबून पुन्हा स्कॅन करतात, तंबाखूवाल्यात मी एवढी सवलत देणार नाही. सोनोग्राफीखाली सुईने तपासणी करता येते, पण रेडिएशन झालेल्या गाठीत निगेटिव्ह आली तरी बिनधास्त होऊ नका. जिभेच्या मुळाशीच चमक असेल तर आधी तिथली बायोप्सी. तिथे रोग असेल तर नुसती मान साफ करून भागत नाही.

उशीरही फार नको. रेडिएशननंतर मान लाकडासारखी कडक होत जाते, जखम भरत नाही, खांद्याच्या नसेला धक्का लागला की हात वर जात नाही. शेतात राबणाऱ्याला ते फार महाग पडतं.

पेट परवडत नसेल तर त्याच सुमारास कॉन्ट्रास्ट सीटी. 1.5 सेंमीपेक्षा मोठी गाठ किंवा आत काळा, मेलेला भाग दिसला तर संशय धरायचा. 14 ऑगस्टचा 1.6 हा सहाव्या आठवड्याचा आकडा आहे, त्यावर निकाल देऊ नका. मधल्या काळात गाठ वाढली, रक्त आलं किंवा श्वास अडला तर मात्र 25 तारखेची वाट न बघता सर्जनकडे.

पेट_टेक्निशियन:
तयारीत चूक झाली तर स्कॅन वाया जातो, म्हणून माझं थोडं.

6 तास उपाशी. राईल्स ट्यूबमधून जाणारं दूध, पेज, ओआरएससुद्धा बंद, साधं पाणी चालेल. ग्लुकोजची सलाईन तर अजिबात नको. घरचे 'अशक्तपणा येईल' म्हणून वाटेत हमखास लावतात. शुगर 200 च्या आत लागते. 230 असेल तर बरीच केंद्रं परत पाठवतात, म्हणून आठवडाभर आधीपासून आटोक्यात आणा. सकाळी ऐनवेळी इन्सुलिन टोचू नका, पेटचं औषध सगळं स्नायूंत जातं. सिसप्लॅटिन झालंय, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून न्या. मेटफॉर्मिनचं काय करायचं ते केंद्राला फोनवर विचारा.

आदल्या दिवसापासून खर्रा बंद. चघळलं की जबड्याचे स्नायू उजळतात. इंजेक्शननंतर तासभर पडून राहायचं, बोलायचंही नाही, बोललं की स्वरयंत्र चमकतं. नेमकी बघायची जागा त्याला लागूनच.

औषधाची ताकद 110 मिनिटांत अर्धी होते. पहिली एसटी चुकली म्हणून दोन तास उशिरा पोचलात तर तुमच्या नावाचा डोस निम्मा झालेला असतो. रात्रीच नागपुरात मुक्काम करा. आधीच्या स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. दाढ दुखत असेल तर आधी कळवा, तिथला पू पण चमकतो. पण रेडिएशन झालेल्या जबड्यातली दाढ गावात उपटून घेऊ नका, हाड सडतं.

उपकेंद्र_घाटंजी:
दाढेचं बरं सांगितलं, खालची एक हलतेच आहे. फाइलमध्ये पी-16 सापडलं नाही.

मानेची_शस्त्रक्रिया:
बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक जिथे तपासला त्या लॅबमध्ये असेल, त्यावरच पी-16 करून मिळतं, पुन्हा तुकडा काढायला नको. दाढ नागपूरच्या दंतविभागात दाखवा, रेडिएशनचा डोस लिहिलेला कागद सोबत असू द्या. पेटचा खर्च फुले योजनेत बसतो का, ते तारीख घ्यायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. स्कॅननंतर विचारून उपयोग नाही.