अंगणात साप निघाला तेव्हा... (अनुभव लिहा)

निंबोणी
आज सकाळी कढीपत्त्याला पाणी घालायला नळीच्या गुंडाळीला हात घातला, तर त्यातलं एक वेटोळं हललं. धामण! पिवळट तपकिरी, सहा फूट तरी असेल. मी नळी टाकून ओट्यावर. ती निवांत, जीभ आत-बाहेर. दहा मिनिटांनी भिंतीकडेने पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) ढिगात गेली.
चोपड्याला मी चौथीत असताना अशीच एक निघाली होती. सगळी गल्ली जमली, आणि काठी आणून दिली ती मी. मेल्यावर शेजारचे मास्तर म्हणाले, धामण होती, उंदीर खाते बिचारी. अहो, आधी बोलायचं ना! सकाळपासून तेच डोक्यात आहे. तुमच्याकडे काय झालं?

भुसावळकर
आमच्याकडे अजून 'नागाची बायको' म्हणून मारतात तिला. दोन धामणी उभ्या राहून पीळ घालतात तो लाग नव्हे, दोन नरांची कुस्ती असते. आजीला कोण सांगणार? लक्ष्मी येते म्हणून तिने आबांचं नवं उपरणं टाकलं त्यांच्यावर. उपरणं गेलं, लक्ष्मी यायची आहे.

कांदाचाळ
मन्ही माय म्हने, "जाऊ द्या तिले, उंदीर खावाले उनी शे." आम्ही मांजर नाही, धामण पायेल व्हती :)

वांग्याचं भरीत
आमच्या कारल्याच्या नायलॉन जाळीत अडकली होती. पुढे शिरली, पण खवले मागे वळलेले, त्यामुळे मागे सरकता येईना. जितकी ओढ घेई तितका दोरा रुते. सर्पमित्राने आधी डोक्यावर ओलं गोणपाट टाकलं. अंधार झाला की शांत होते म्हणे, आणि झालीही. मग नखं कापायच्या कात्रीने एकेक दोरा, टोक अंगापासून बाहेरच्या बाजूला ठेवून. मी नुसता बॅटरी धरून, तरी हात थरथरत होते. वीस मिनिटं लागली. मानेखाली दोरा काचला होता तिथे पांढरी रेघ. सोडल्यावर क्षणभर हललीच नाही, मग सळ्ळकन कुंपणापार. आता वेलांना सुतळी बांधतो. जाळी लावायचीच तर जमिनीपासून हातभर वर लावा.

निंबोणी
माझ्या दोडक्याला तीच जाळी आहे! आज काढते.

केळीची बाग
पाटात दिवड नेहमीची. विष नाही, पण भयंकर रागीट. मला पोटरीला चावली. अंधारात धड दिसलं नव्हतं म्हणून थेट दवाखाना गाठला. रात्रभर ठेवून घेतलं, काही झालं नाही. गावातले म्हणाले, उगाच पैसे घातले. घातले तर घातले भो.

अमळनेरची सून
पुण्याहून लग्न होऊन आले, चौथ्या दिवशी न्हाणीत पट्टेरी साप. सासूबाई, "माय वं, मण्यार!" सर्पमित्राला फोटो पाठवला, बिनविषारी कवड्या निघाला. तो म्हणाला, कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचं उलट. "पण वहिनी, पट्टे मोजत बसू नका, दार लावा, खालच्या फटीत टॉवेल कोंबा, मी येतोय." मी हे सगळं स्टुलावर उभी राहून ऐकत होते.

भुसावळकर
कवड्या भिंत चढतो बरं का.

अमळनेरची सून
हे आत्ता कशाला सांगितलंत?

आप्पा
वन विभागाचा नंबर 1926, फ्रिजवर चिकटवून ठेवा. सापांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आणि नागपंचमीला दूध पाजू नका, साप दूध पीत नाही.

कांदाचाळ
भरीत, तुमच्याकडे बामणोदची वांगी मिळतात का? भाव काय?

वांग्याचं भरीत
मिळतात, पण बाजाराला लवकर जावं लागतं. भाव विचारू नका.

निंबोणी
घाबरून नळ बंद करायचाच राहिला, टाकी रिकामी, सासऱ्यांचं चालू आहे. धामण अजून पऱ्हाट्यांतच. ढीग हलवू का?

आप्पा
राहू द्या. होळीला काढाल तेव्हा आधी लांबून काठीने हलवून घ्या.