मदत हवी आहे: पावणेदोन वर्षांची मुलगी सारखी डावीकडे पडते, चिठ्ठीवर 'सीपी?' लिहिलंय

दुधनाकाठ

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसतं वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही सेलू तालुक्यातले, जिल्हा परभणी. मुलगी २१ महिन्यांची आहे. ३२ आठवडे भरले तेव्हाच झाली, वजन १ किलो ५५० ग्रॅम. १९ दिवस काचेच्या पेटीत होती, पहिले ४ दिवस ऑक्सिजनवर. सुट्टी देताना "दूध ओढतीय, वजन वाढतंय, न्या घरी" एवढंच सांगितलं. डोळे तपासले होते, ते चांगले निघाले. डोक्याची सोनोग्राफी केली होती का, ते ना मला आठवतंय ना कार्डावर काही दिसतंय.

मान पाचव्या महिन्यात धरली. बसली अकराव्यात. रांगली ती सुद्धा सरळ नाही, बुडावर घसरत, डावा पाय मागं ओढत. १७व्या महिन्यापासून पलंगाला धरून उभी राहते. पांगुळगाडा दिला की चालते, पण गाडा आपोआप डावीकडं वळतो आणि भिंतीला जाऊन अडकतो. मग तिथंच उभी राहून ओरडते. हात सोडला की चार-पाच पावलं, आणि धप्पकन खाली. पडते ती दरवेळी डावीकडंच. कपाळाच्या डाव्या बाजूचं टेंगूळ आता कायमचं झालंय, एक उतरलं की दुसरं.

गेल्या रविवारी अंघोळ घातली आणि टॉवेल आणेपर्यंत तिला दाराला धरून उभी केली. शहाबादी फरशीवर ओली पावलं उमटली. उजवं पाऊल पूर्ण होतं, पाच बोटं, चवडा, टाच. डाव्याचा नुसता चवडा. टाच नाहीच. मी फरशी पुसून पुन्हा उभी केली, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा केलं आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला. तोवर मी पण घरच्यांसारखं "होईल हळूहळू" म्हणतच होते.

हाताचं पण सांगते. डावी मूठ बहुतेक वेळा मिटलेली असते, अंगठा आत. झबलं घालताना तो हात बाहीतून काढायचा म्हणजे कसरत. डाव्या हातात बिस्किट दिलं तर उजव्यानं काढून घेते आणि मग खाते. हे दहाव्या महिन्यापासून असंच आहे. आम्ही उलट कौतुक केलं की बरं झालं, डावखुरी नाही.

बोलायला मात्र तयार आहे. आई, बाबा, माऊ, दे, नको. आजीच्या खोकल्याची नक्कल तर अशी करते की आजीला पण हसू आवरत नाही. सांगितलेलं सगळं कळतं.

आत्याबाई (सासूबाई, नात्यानं माझ्या सख्ख्या आत्याच) म्हणतात, "हिचा बाप बी दोन वर्सांनीच चालला, कामून जीवाला घोर लावून घेतीस?" शेजारच्या मावशी म्हणाल्या पोलिओ दिसतोय. तेल लावायला येणाऱ्या बाई म्हणतात शीर अवघडलीय, आणि तो पाय धरून असा ताणतात की लेकरू काळंनिळं होईस्तोवर रडतं. मागच्या आठवड्यापासून त्यांना बंद केलंय. त्यावरून घरात वेगळंच महाभारत.

दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले कमी दिवसांचं बाळ आहे, दोन वर्षं होऊ द्या, मग बघू. दुसऱ्यांनी गुडघ्यावर हातोडीनं ठोकलं, पाऊल वर दाबून पाहिलं आणि चिठ्ठीवर 'सीपी' लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. "एमआरआय करून आणा, मग बोलू" म्हणाले आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली. सीपी म्हणजे काय हे मी बाहेर पडून मेडिकलवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "मेंदूचं असतं वहिनी." मिस्टरांनी तेव्हापासून तो विषयच काढलेला नाही, कापूस वेचणीत स्वतःला गाडून घेतलंय.

मला विचारायचंय ते हे. थांबायचं की नाही? एवढ्याशा जीवाला भूल देऊन एमआरआय करावाच लागतो का? आणि तो होईपर्यंत मी घरी नुसतं बसून राहायचं का? पैशाचं पण बघावं लागतं, दर आठवड्याला संभाजीनगर जमणार नाही. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी खरं खरं सांगा. धीर देऊ नका, माहिती द्या.

पायवाट

ताई, मी लातूरला लहान मुलांची फिजिओथेरपी करते. मुलीला हात लावल्याशिवाय निदान कुणी सांगू नये, मी पण सांगणार नाही. पण थांबू नका, हे नक्की सांगते.

आधी वयाचा हिशेब. ती ८ आठवडे लवकर आली, म्हणून दोन वर्षांची होईपर्यंत तेवढे दिवस वजा करून मोजायचं. म्हणजे आज ती १९ महिन्यांची धरू. सुटी चालायला १८ महिन्यांपर्यंत वाट बघतात. त्यामुळे नुसतं 'चालत नाही' एवढंच असतं तर मी पण म्हटलं असतं की थोडी कळ काढा. पण तुमची खरी गोष्ट चालण्याची नाहीच. ती दहाव्या महिन्यातल्या हाताची आहे. वर्षाच्या आतलं मूल दोन्ही हात सारखेच वापरतं. उजवा की डावा, हे ठरायला बराच वेळ असतो. इतक्या लवकर एकच हात पुढं येत असेल तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघावं लागतं. सोबत मिटलेली मूठ, न टेकणारी टाच, एकाच बाजूला पडणं. हे सगळं एका बाजूचं आहे, म्हणून त्या डॉक्टरांनी सीपी लिहिलं असणार. प्रश्नचिन्ह टाकलं ते पण बरोबरच केलं. बेल मात्र जरा उशिरा वाजवायला हवी होती.

सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी. मेंदू वाढत असताना, पोटात, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच, त्याच्या एखाद्या भागाला इजा होते. डाव्या अंगावर मेंदूच्या उजव्या बाजूचा ताबा असतो. कमी दिवसांच्या बाळांत मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांमुळे हे जास्त होतं. ती इजा पुढं वाढत नाही. पण मूल वाढतं, हाडं लांबतात आणि आखडलेले स्नायू मागं राहतात, म्हणून लक्ष दिलं नाही तर पाय वाढत्या वयात जास्त आखडतो. यात तुमचं चालणं-खाणं, ग्रहण, लस, कशाचा दोष नाही. पोलिओ तर नाहीच. पोलिओत पाय लुळा, ढिला पडतो, आणि तुम्ही सांगताय तो ताठ आहे. शिवाय २०११ नंतर आपल्या देशात जंगली पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही, २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

आता मी विचारते त्याची उत्तरं द्या. आधी येत असलेली एखादी गोष्ट ती विसरली का? सकाळी उठल्या-उठल्या उलट्या होतात का? उपाशी असताना किंवा तापात तोल जास्त जातो का? सकाळी बरी आणि संध्याकाळी जास्त ताठ, असं होतं का? हात किंवा डोकं थरथरतं का? झटके, एका जागी नजर लागून गप्प होणं? तुम्ही आत्याच्या घरात दिलेल्या, म्हणजे लग्न नात्यात झालंय, म्हणून घरात दुसऱ्या कुणा लेकराला असं काही होतं का, ते पण सांगा. सीपीसारखे दिसणारे पण वेगळे असलेले काही आजार आहेत, त्यातल्या काहींवर चक्क औषध आहे. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर मेंदूविकाराच्या बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवायचं.

एमआरआयला मूल हलता कामा नये म्हणून झोपेचं औषध किंवा भूल देतात, डॉक्टर शेजारी असतात. क्ष-किरण त्यात नसतात. इजा कुठं आणि कधीची, हे त्यातून कळतं. पण निदान हातानं तपासूनच होतं, काही मुलांचा एमआरआय नॉर्मल येऊनही सीपी असते. व्यायाम मात्र त्या रिपोर्टसाठी अडवून ठेवायचा नाही. नावावाचून उपचार सुरू करता येतात. तेलवाल्या बाईंना बंद केलंत ते उत्तम. मालिशनं काही बिघडत नाही, हिसकून ताणण्यानं बिघडतं.

तीन चाकं

माझा मुलगा ९ वर्षांचा, त्याला सीपी आहे, उजवी बाजू. नांदेड. पायवाट ताईंनी वैद्यकीय सांगितलंच, मी खर्चाचं आणि खेट्यांचं सांगतो.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ पासून आहे. अंगणवाडीताईंना गाठा, गाडीची वाट बघू नका, त्या डॉक्टरांना फोन लावायला सांगा. त्यांची चिठ्ठी घेतली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येतं. फिजिओ, कान, डोळे, बोलणं सगळं तिथं, फुकट. मोठ्या तपासणीसाठी संभाजीनगरला घाटी, म्हणजे मोठं सरकारी हॉस्पिटल, आहेच, सेलूहून तुम्हाला थेट रेल्वे पडते. आम्ही दर आठवड्याला कुठंच गेलो नाही. महिन्यातून एकदा शिकून यायचं, व्हिडिओ काढून आणायचा आणि घरी रोज करायचं. व्यायाम म्हणून वेगळा वेळ काढलात तर आठ दिवसांत बंद पडेल. कपडे घालताना, घास भरवताना, दारात चढता-उतरताना करा.

निदान पक्कं झालं की दिव्यांगाचं युडीआयडी कार्ड काढा. बायको वर्षभर "पोराचं नाव कशाला लावायचं त्या यादीत" म्हणून रडली. सीपी असेल तर निरामय नावाचा विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्च पण धरतात. पट्टा, म्हणजे पायाचा स्प्लिंट, दर वाढीला बदलावा लागतो. तो मापानंच घ्यायचा, कुणाचा जुना वापरायचा नाही.

आमचा सव्वादोन वर्षांचा असताना सुटा चालला. आज सायकल चालवतो, तीन चाकांची. लंगडतो. पाचवीपर्यंतचे पाढे येतात. झटके आले होते मधे, गोळी चालू आहे. खरं सांगा म्हणालात म्हणून सगळंच सांगितलं.

सरळमार्गी

माझ्या ओळखीत एकांनी स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं मुलाला, खूप फरक. खर्च जास्त आहे पण लेकरापुढं पैसा काय. नंबर हवा असेल तर मेसेज करा.

पायवाट

सरळमार्गी, नंबर नको. सीपीवर स्टेम सेल हा मान्य झालेला उपचार नाही. लोक शेतं विकतात त्याच्यापायी. ताई, इकडं लक्षच देऊ नका.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, घरात वेचणीची माणसं होती.

पायवाट ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं 'नाही'. शिकलेलं विसरलेली नाही, उलट्या नाहीत, झटके तर कधीच नाहीत. नात्यातल्या लेकरांबद्दल आत्याबाईंना विचारलं. आधी चिडल्या, मग रात्री स्वतःहून एकेकाचं नाव घेऊन आठवत बसल्या. तसं कुणी नाही म्हणाल्या.

अंगणवाडीताईंनी त्याच दिवशी फोन लावला. मंगळवारी जिल्ह्याला जाऊन आलो, मिस्टर आले सोबत. पावलांचा फोटो दाखवला तर तिथल्या फिजिओ म्हणाल्या, हा फोटो जपून ठेवा, सहा महिन्यांनी दुसरा काढू. घोटा हळूहळू वाकवला तर काटकोनापर्यंत येतो, हे चांगलं आहे म्हणे. स्प्लिंटचं माप घेतलं. कानाची तपासणी आणि एमआरआय पुढच्या महिन्यात. चिठ्ठीवर सीपी आहे, प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे.

एक अडचण. चांगल्या हाताला मोजा घालून डाव्या हातानं खेळवायला सांगितलंय. पण ही बया मोजा दातानं ओढून काढते आणि फेकून देते. काय करावं?

तीन चाकं

आमचा पण हेच करायचा. मोजा नकोच. लांब बाह्यांचं जुनं झबलं घ्या आणि उजव्या बाहीचं टोक शिवून टाका. दात लागत नाहीत आणि थोड्या वेळानं विसरतात. समोर आवडतं काहीतरी ठेवा, आमच्याकडं चुरमुरे चालले. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, चिडली की सोडून द्या. आणि बसवूनच करा, उभी असताना नाही. पडली तर टेकायला तिच्याकडं तो एकच हात आहे.