पॅलिओ डाएटमध्ये रोज रेड मीट चालतं का?

प्रश्न: पॅलिओ (आदिमानवासारखं खाणं) सुरू केलंय, धान्य डाळी साखर दूध सगळं बंद, त्यामुळे दोन्ही वेळा मटण नाहीतर बीफच होतंय. पोट भरलेलं राहतं पण रिपोर्टमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय. आदिमानव हेच खायचा ना, मग मला का नडतंय?

उत्तर १: रोज मांसच खायचा असं नाही हो, शिकार मिळाली तर मिळाली, नाहीतर कंदमुळं, फळं, मासे, मध. शिवाय रानातल्या जनावराला चरबी कमी असते. कडेची पांढरी चरबी काढूनच शिजवा, त्यातल्या सॅच्युरेटेड फॅटने एलडीएल वाढतं.

उत्तर २: मांस अजिबात सोडू नका, त्यातलं लोह भाजीतल्यापेक्षा पटकन अंगी लागतं आणि बी१२ पण मिळतं. पण वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतो, बाकी दिवस मासे, अंडी, भरपूर भाज्या. आणि सॉसेज बेकन खात असाल तर प्लीज बंद करा, २०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने प्रोसेस्ड मीट कॅन्सरकारक गटात टाकलंय.

प्रश्नकर्ता: थँक्स! आणि लिव्हर?

उत्तर २: अधूनमधून थोडं चालेल, व्हिटॅमिन ए खूप असतं त्यात. गरोदरपणात मात्र नकोच.