चिलखतावरचा जपानी अंगरखा कसा जपावा?

गोदाकाठ (पैठण): आजोबांच्या ट्रंकेत बिनबाह्यांचा, लालभडक लोकरी अंगरखा सापडला असून त्याच्या पाठीवर सोनेरी धाग्याने एक वर्तुळाकार चिन्ह भरलेले आहे. जाणकारांनी तो जपानी असल्याचे सांगितले. हे नेमके काय आहे, आणि तो धुवावा का?

हिमरूवाला (संभाजीनगर): वर्णनावरून हा ‘जिनबाओरी’ असावा. सामुराई तो छावणीत चिलखतावर घालत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आलेले लोकरी कापड त्यासाठी फार मानाचे समजले जाई. त्या काळचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा जिनबाओरी तर इराणी गालिच्याच्या कापडाचा असून तो क्योतोच्या कोदाइजी मंदिराकडे आहे. पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) लढाया थांबल्या आणि हा पोशाख मुख्यतः समारंभाचा झाला. पाठीवरचे चिन्ह बहुधा घराण्याचे असेल.

कृपया धुऊ नका! आपल्या पैठणीच्या जरीत धातूची तार असते, जपानी सोनेरी धाग्यात मात्र अनेकदा सोन्याचा वर्ख लावलेल्या कागदाची बारीक पट्टी रेशमावर गुंडाळलेली असते, आणि पाण्याने ती सुटते.

गोदाकाठ: भिंगातून पाहिले, एके ठिकाणी खरोखरच कागद उलगडला आहे. डांबरगोळ्या ठेवू का?

हिमरूवाला: कापडाला लागू देऊ नका. कसरीची खरी भीती पावसाळ्यात, म्हणून तेव्हा महिन्यातून एकदा उघडून पाहा. खांद्यांवर भार येत असल्याने टांगू नका; धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत आडवा ठेवा.