तान्ह्याला गुटी चाटवा म्हणणाऱ्यांना उत्तर

वॉर्डातली_ताई:
सध्या घरोघरच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. 'बाळगुटी बंद झाली म्हणून आजची मुलं सारखी आजारी पडतात. बाराव्या दिवसापासून रोज उगाळून मधातून चाटवा. वेखंडाने वाचा सुटते, जायफळाने झोप लागते, मुरुडशेंगेने पोट दुखत नाही.' मला तो सख्ख्या मावशीने पाठवला, खाली 'डॉक्टरांच्या नादी लागू नका' अशी भर घालून. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सुंठेचा काढा, हळदीचं दूध, ओव्याचा शेक मोठ्यांनी खुशाल घ्यावा, मीही घेते. इथे विषय तान्ह्याचा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही. मधात बोटुलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार होतं. आधी शी होत नाही, मग बाळ दूध ओढेनासं होतं, रडणं क्षीण होतं, मान टाकतं. मध घरच्या पोळ्यातला असला तरी धोका तोच, आणि साध्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. सहाण कुठे ठेवलेली असते, कोणत्या पाण्याने धुतात, खारीक-बदाम उगाळून झाल्यावर किती वेळ तशीच पडते, हे प्रत्येकीने आपल्या घरात बघावं. जुलाब होऊन सुकलेलं बाळ आलं की आम्ही विचारतो, वरचं काही दिलं का? आधी 'काही नाही' म्हणतात. आजी बाहेर गेली की आई हळूच सांगते, गुटी चालू आहे.

माहेरवाशीण:
असहमत. आमच्या घरात चार पिढ्या गुटीवर वाढल्या. माझ्या दोन्ही मुली धडधाकट आहेत. धाकटी रोज संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडायची. डॉक्टरांनी थेंब दिले, काही फरक नाही. आईने मुरुडशेंग आणि डिकेमालीचा एकेक वेढा, म्हणजे सहाणेवर एकेक फेरा उगाळून, दिला आणि पोर शांत झाली. तुम्हाला वॉर्डात फक्त आजारी मुलंच दिसतात, म्हणून तुमचं मत असं झालंय.

वैद्य_कृष्णाकाठ:
ताई, मधाचं तुमचं म्हणणं सोडून देतो, पण सगळी गुटी एका दमात मोडीत काढू नका. काश्यपसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात लेहनावर, म्हणजे बाळाला औषध चाटवण्यावर, अख्खा अध्याय आहे आणि कोणत्या बाळाला चाटण देऊ नये हेही त्यातच सांगितलंय. सरसकट सगळ्यांना रोज द्या, असं शास्त्र म्हणत नाही. ते हा मजकूर लिहिणारा म्हणतो. वेढे मोजून द्यायचे, बाळाची शी बघून औषध बदलायचं, ही जाणत्या बाईची विद्या होती.

आणि आधुनिक औषधं निर्धोक आहेत का? १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ माणसं गेली, लेंटिन आयोग बसला. २०२२ साली गांबियात ६० हून अधिक मुलं गेली, त्यांचा संबंध आपल्याच देशात बनलेल्या खोकल्याच्या सिरपशी जोडला गेला. तेव्हा कोणी 'सिरप बंद करा' असे धागे काढले का?

दुपारची_शिफ्ट:
काढले होते, आणि काढायलाच हवेत. पण सिरपमध्ये विष निघालं तर कारखाना कुठला, बॅच कुठली हे शोधता येतं. काष्ठौषधीच्या दुकानातून सुटं आणलेलं अतिविष, गुटीतली एक मुळी, खरंच अतिविष आहे, हे कोण सांगणार? ते हिमालयातलं, महाग. त्याच कुळातला बचनाग जहाल विषारी. करोनाच्या वर्षी गुळवेलीचं काय झालं आठवा. मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले ६ रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने खुलासा केला की ती दिसायला तशीच, दुसरी वेल असू शकते. मंत्रालयाचंच म्हणणं खरं धरू. मग घरची बाई कुंपणावरची वेल कशी ओळखणार?

वैद्य_कृष्णाकाठ:
हा भेसळीचा मुद्दा आहे, औषधाचा नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी स्वतः काड्या तपासून देतो.

कोकणकडा:
मूळ मजकुरात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'जायफळाने झोप लागते'. तीन महिन्यांच्या बाळाला झोपवायचं कशासाठी? रात्री उठायला नको म्हणून. आजकालच्या आयांना लवकर कामावर जायचं असतं, त्यांनीच हे पुन्हा सुरू केलंय.

माहेरवाशीण:
'आजकालच्या आया'? रात्री उठायला बाप का नाही? गुटी सासूने उगाळायची, जागायचं सुनेने, आणि दोष पुन्हा तिलाच. कोकणकडा, तुम्ही किती रात्री जागलात ते आधी लिहा.

कोकणकडा:
वैयक्तिक होऊ नका. मी आरोग्याबद्दल बोलतोय.

फडावरची:
मग मीही आरोग्याबद्दलच बोलते. माझी आई ऊसतोडीला जायची. पहाटे कोयता घेऊन निघायचं तर तान्हं पोर कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, किंवा बांधावर झोळीत ठेवायचं. जायफळाचे दोन वेढे जास्त पडायचे, कारण पोर रडत राहिलं तर मुकादम बोलायचा. तिला माहीत होतं की हे चांगलं नाही. दुसरं काय करणार होती? पगारी २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून आली म्हणतात, ती आमच्या फडावर कोणी पाहिली नाही.

जुना_वाचक:
फडावरची यांनी लिहिलंय ते मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत. पोर दिवसभर निपचित पडायचं. त्या काळातल्या डॉक्टरांनी यावर लिहिलं, आरडाओरडा झाला, आणि १९२९ साली मुंबई प्रांतात मातृत्व लाभाचा कायदा आला. गोळी वाईट, हे बायांना समजावून भागलं नव्हतं. रजा आणि पाळणाघर दोन्ही लागत होतं.

कोकणकडा:
ऊसतोडीच्या बाईबद्दल मी बोललो नव्हतो. तिचं कारण समजू शकतो. शहरातल्या, एसीत बसणाऱ्यांबद्दल बोललो होतो.

माहेरवाशीण:
शहरातल्या बाईची झोप झोप नसते का? विषय सोडा, तुम्हाला कळणार नाही.

वॉर्डातली_ताई:
धागा भरकटलाय, पण फडावरची आणि जुना_वाचक यांनी लिहिलेलं मला पटतं. आमच्याकडे येणाऱ्या आयांना मी ओरडत नाही, ते याच कारणाने. माझा राग मजकूर पाठवणाऱ्यांवर आहे. त्यातल्या कोणालाही पहाटे फडावर जायचं नाही.

वैद्यबुवा, मजकुरातल्या वेखंडाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे, त्यातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे. आपल्याकडच्या वेखंडात ते भरपूर असतं.

वैद्य_कृष्णाकाठ:
ती बंदी उंदरांना दीर्घकाळ वेखंडाचं तेल चारून केलेल्या प्रयोगांवरून आली. सहाणेवरचा एक वेढा आणि ते तेल यांची तुलना होत नाही. शिवाय वेखंड शुद्ध करूनच वापरायचं असतं.

वॉर्डातली_ताई:
एका वेढ्यात किती उतरतं, हे तुम्ही मोजलंय? हात जड असेल तर दुप्पट उतरतं. आणि शुद्ध केलेलं वेखंड बाजारात किती जण मागतात?

वैद्य_कृष्णाकाठ:
मोजलेलं नाही. मोजायला हवं, आमच्याच लोकांनी, हे मान्य करतो. मधही पहिलं वर्षभर नको, हे मी माझ्या पेशंटना सांगेन, तुम्ही सांगितलं म्हणून नाही, जोखीम उगाच कशाला घ्यायची म्हणून. पण सहा महिन्यांनंतर, वैद्याने बाळ बघून दिलेल्या गुटीला माझा पाठिंबा कायम आहे. त्यावर मी हटणार नाही.

माहेरवाशीण:
आणि माझ्या धाकटीच्या पोटदुखीचं काय? ती थांबली ना?

वॉर्डातली_ताई:
तसं रडणं दीड-दोन महिन्यांना जोरात असतं आणि तीन-चार महिन्यांना बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं, काही दिलं तरी आणि नाही दिलं तरी. तुमच्या आईने दिलेल्या वेढ्याने थांबलं की वयाने, हे आज कोणीच सांगू शकत नाही. वैद्यबुवा, सहा महिन्यांनंतरच्या गुटीवर वेगळा धागा काढा, मी तिथे येते. तोवर हा मजकूर ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी त्याच ग्रुपवर लिहा: वर्षाच्या आत मध नाही, आणि बाळ दूध ओढत नसेल किंवा मान टाकत असेल तर उगाळत न बसता लगेच दवाखाना.